नसलेल्या विश्वाचा संदर्भकोश संगणकात कसा बसवतात

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानमालिकेतल्या कॅप्टन कर्कचे पूर्ण नाव काय, असे एखाद्या संदर्भ-प्रोग्रॅमला विचारले, तर त्याने ‘जेम्स टायबेरियस कर्क’ एवढे सांगावे आणि मोकळे व्हावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असते. पण १९६६ साली प्रसारित झालेल्या ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या भागात याच कर्कसाठी उभारलेल्या थडग्याच्या दगडावर ‘जेम्स आर. कर्क’ अशी अक्षरे स्पष्ट दिसतात. ‘टायबेरियस’ हे नाव पडद्यावर आले ते १९७४ मध्ये, मालिकेच्या ॲनिमेशन आवृत्तीतल्या ‘बेम’ या भागात, आणि ही ॲनिमेशन मालिका अधिकृत मानायची की नाही याबद्दल पुढे बरीच वर्षे मतभेद राहिले. १९९१च्या ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ या चित्रपटात ते नाव उच्चारले गेले, तेव्हा टायबेरियसचा प्रश्न मिटला. दगडावरचा ‘आर’ मात्र आजही तिथेच आहे.

अशा प्रश्नांना उत्तरे देणारे प्रोग्रॅम पुष्कळदा कोणा कंपनीने नव्हे, तर मालिकेच्या चाहत्यांनी आपली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तयार केलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात अवघड काय आहे हे चटकन कळत नाही, कारण पात्रे, याने, ग्रह आणि भाग यांची माहिती गोळा करायची, ती संगणकात भरायची आणि शोधण्यासाठी एक चौकट द्यायची, एवढेच काम आहे असे वाटते. प्रत्यक्षात प्रोग्रॅम लिहिणे हा यातला सोपा भाग होय. जे जग अस्तित्वातच नाही त्याच्याबद्दल ‘खरे’ कशाला म्हणायचे हे ठरवणे अवघड असते, आणि चांगल्या संदर्भ-प्रोग्रॅमची सगळी अंतर्गत रचना या एका अडचणीभोवतीच उभी राहिलेली दिसते.

‘स्टार ट्रेक’चे उदाहरण घेण्याचे कारण त्याचा पसारा. १९६६ ते १९६९ या काळातली मूळ मालिका ७९ भागांची होती. १९८०च्या दशकात ती दूरदर्शनवरही दाखवली गेली, त्यामुळे आपल्याकडच्या एका पिढीला यानावरचा परग्रहवंशीय अधिकारी स्पॉक याचे टोकदार कान परिचयाचे आहेत. त्यानंतर १९८७ ते १९९४ या काळात ‘द नेक्स्ट जनरेशन’चे १७८ भाग आले, पाठोपाठ आणखी तीन मालिका २००५ पर्यंत चालल्या, २०१६ पर्यंत १३ चित्रपट झाले आणि २०१७ पासून नव्या मालिकांची रांग लागली. एवढ्या वर्षांत लेखकांच्या पिढ्या बदलल्या. आधीच्या लेखकाने काय म्हणून ठेवले आहे हे पुढच्या लेखकाला नेहमी ठाऊक होतेच असे नाही, आणि ठाऊक असले तरी तो प्रत्येक वेळी ते पाळायला तयार होता असेही नाही.

संगणकाआधीचा संदर्भकोश

या कामाची सुरुवात संगणकावर झाली नाही. मूळ मालिका चालू असतानाच डोरोथी जोन्स या चाहतीने प्रत्येक भागातल्या व्यक्ती, स्थळे आणि वस्तू यांच्या नोंदी कार्डांवर ठेवायला सुरुवात केली होती. घरी भाग पुन्हा पाहण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणजे ऐकले आणि पाहिले तेवढेच हाती लागणार. या नोंदींवरून १९६९ मध्ये बीजो ट्रिंबल यांनी ‘स्टार ट्रेक कॉन्कॉर्डन्स’ हा वर्णानुक्रमी कोश स्वतःच प्रकाशित केला, आणि १९७६ मध्ये बॅलंटाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेने त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. (मालिका दुसऱ्या हंगामानंतर बंद पडू नये म्हणून जी प्रसिद्ध पत्रमोहीम झाली, तीही याच ट्रिंबल दांपत्याने चालवली होती.)

१९८७ मध्ये ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणकांसाठी बिल ॲटकिन्सन यांनी रचलेला ‘हायपरकार्ड’ हा प्रोग्रॅम आणला, आणि नोंदींच्या कार्डांची कल्पना जशीच्या तशी पडद्यावर आली. हायपरकार्डमध्ये माहिती ‘कार्डां’वर लिहायची असे, अनेक कार्डे मिळून एक ‘स्टॅक’ होई, आणि एका कार्डावरच्या बटणावरून दुसऱ्या कार्डावर उडी मारता येई. प्रोग्रॅमिंगचे शिक्षण नसलेल्या माणसालाही हे जमत असल्यामुळे चाहत्यांनी आपापल्या आवडत्या मालिकांचे स्टॅक बनवले. विंडोजवर मदतीच्या फायलींची जी रचना १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत आली, तीही अशाच दुव्यांनी जोडलेल्या पानांची होती आणि तिचाही असा उपयोग करता येत असे. पुढे २००३ मध्ये ‘मेमरी अल्फा’ हा सर्वांनी मिळून लिहायचा कोश सुरू झाला. त्याचे नाव मूळ मालिकेतल्या १९६९च्या एका भागात येणाऱ्या ग्रंथालय-ग्रहावरून घेतलेले आहे. साधने बदलत गेली, पण कार्डावर काय लिहायचे हा जोन्स यांच्यापुढचा प्रश्न प्रत्येक साधनापुढे पुन्हा उभा राहिला.

विधान, स्रोत आणि प्रकार

नवशिक्या प्रोग्रॅमरच्या मनात पहिल्यांदा येणारी रचना म्हणजे एक तक्ता: प्रत्येक पात्रासाठी एक ओळ, आणि नाव, जन्मवर्ष, वंश, हुद्दा, यान असे रकाने. ‘जेम्स आर.’ समोर आला की ही रचना पहिल्याच ओळीत अडते, कारण रकाना एक आहे आणि त्यात बसू पाहणारी मूल्ये दोन आहेत. एखादे खोडून दुसरे लिहिले तर प्रोग्रॅम नीटनेटका दिसतो, पण दगडावरचे अक्षर स्वतः पाहून आलेला वापरणारा त्यावर कायमचा अविश्वास ठेवू लागतो.

यातून निघालेला मार्ग असा की, तक्त्यातली ओळ पात्राची नव्हे तर विधानाची ठेवायची. प्रत्येक विधानात ते कोणाबद्दल आहे, कोणत्या गुणाबद्दल आहे, मूल्य काय सांगितले आहे, ते कोणत्या भागात कितव्या मिनिटाला आले आणि कोणत्या प्रकारे आले, म्हणजे पात्राच्या तोंडी आले, पडद्यावर दिसले की केवळ निर्मात्यांच्या मुलाखतीत सांगितले गेले, एवढे नोंदवायचे. मग कर्कच्या मधल्या नावाबद्दलची तिन्ही विधाने तीन ओळींत सुखाने नांदतात, आणि वापरणाऱ्याला वर कोणते दाखवायचे हे प्रोग्रॅम नियमानुसार ठरवतो. तलाठ्याकडचे फेरफार रजिस्टर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही पद्धत लगेच समजेल: आज जमीन कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावर दिसते, पण ते नाव कोणत्या व्यवहाराने लागले आणि त्याआधी कोणाचे होते हे फेरफाराच्या नोंदीत राहते, आणि वाद निघाला की माणसे उतारा बाजूला ठेवून फेरफार काढायला जातात.

कोणते विधान वर ठेवायचे याच्या नियमाला चाहते ‘कॅनन’ म्हणतात. पडद्यावर प्रदर्शित झालेले ते कॅनन, आणि कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ हे बाहेरचे, अशी ढोबळ वाटणी ‘स्टार ट्रेक’मध्ये रूढ आहे, ‘मेमरी अल्फा’ पडद्यापुरताच मर्यादित आहे आणि कादंबऱ्यांसाठी ‘मेमरी बीटा’ हा वेगळा कोश आहे. परंतु ही सीमा हलती असते. कर्कच्या यानाचे सुकाणू सांभाळणाऱ्या सुलूचे ‘हिकारू’ हे नाव १९८१च्या एका कादंबरीतून आले आणि दहा वर्षांनी चित्रपटात उच्चारले गेल्यावर कॅनन झाले. ॲनिमेशन मालिकेचा प्रवास याहून वाकडा: १९७३-७४ मधले तिचे २२ भाग १९८०च्या दशकाच्या अखेरीस अधिकृत कथानकाबाहेर ढकलले गेले आणि नंतर पुन्हा आत घेतले गेले. म्हणून कॅननचा शिक्का प्रत्येक विधानावर स्वतंत्रपणे मारून ठेवणे ही चूक ठरते. तो शिक्का स्रोतावर असावा, म्हणजे उद्या एखादी मालिका आत किंवा बाहेर गेली तर एकच नोंद बदलून तिच्यातली शेकडो विधाने आपोआप जागा बदलतील.

विधानांच्या या रचनेचा एक फायदा तर जवळजवळ फुकटात मिळतो. प्रत्येक विधानाला भाग जोडलेला असल्यामुळे, ‘मी दुसऱ्या हंगामापर्यंतच पाहिले आहे’ असे वापरणाऱ्याने सांगितले की त्यापुढच्या भागांतली विधाने प्रोग्रॅम झाकून ठेवू शकतो. कथेतले रहस्य आधीच फुटू नये यासाठी मोठमोठ्या कोशांनी इशाऱ्याच्या पाट्या लावलेल्या असतात; इथे पाटीची गरजच उरत नाही.

रिकाम्या रकान्याचाही विचार करावा लागतो. यानावरची संपर्क-अधिकारी उहुरा हिचे पहिले नाव २००९च्या चित्रपटापर्यंत पडद्यावर सांगितलेच गेले नव्हते, म्हणजे तिथे माहिती नाही. स्पॉकच्या बाबतीत मात्र मूळ मालिकेतच असा संवाद आहे की त्याचे दुसरे नाव माणसांना उच्चारता येणार नाही, म्हणजे नाव आहे पण सांगितलेले नाही. या दोन अवस्था संगणकाला वेगळ्या कळल्या पाहिजेत. दोन्ही ठिकाणी रिकामी जागा सोडली तर ‘ज्यांना एकच नाव आहे अशी पात्रे दाखवा’ या प्रश्नावर प्रोग्रॅम आत्मविश्वासाने चुकीची यादी देतो, आणि अशा चुका सर्वांत उशिरा सापडतात.

ओळखक्रमांकाची गोष्टही अशीच आहे. प्रत्येक वस्तूला एकमेव खूण लागते, आणि यानांना तर मालिकेनेच नोंदणी क्रमांक दिलेले आहेत, तेच खूण म्हणून वापरावेत असा मोह होतो. ‘एंटरप्राइझ’ नावाची याने अनेक आहेत, पण एनसीसी-१७०१, मग १७०१-ए, १७०१-बी असे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा काम भागेल असे वाटते. मग ‘यामाटो’ हे यान आडवे येते: १९८८च्या भागात त्याचा क्रमांक १३०५-ई असा उच्चारला जातो, आणि १९८९च्या भागात तेच यान ७१८०७ या क्रमांकाने समोर येते. त्यामुळे शहाणे प्रोग्रॅमर कथेतली कोणतीच गोष्ट खूण म्हणून वापरत नाहीत. ते स्वतःचा एक निरर्थक अंक देतात, जो वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही, आणि नाव व नोंदणी क्रमांक या दोघांनाही साध्या विधानाचाच दर्जा ठेवतात.

काळाचा गुंता

या प्रकारच्या प्रोग्रॅममध्ये सर्वाधिक श्रम कालक्रमावर खर्च होतात. एकाच भागाला किमान तीन स्थाने असतात: तो केव्हा चित्रित झाला, केव्हा प्रसारित झाला आणि कथेत केव्हा घडतो. मूळ मालिकेत ‘द मॅन ट्रॅप’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी सर्वांत आधी प्रसारित झाला, ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ दोन आठवड्यांनी आणि ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’ १० नोव्हेंबरला. पण कथेतल्या तारखा, ज्यांना मालिकेत ‘स्टारडेट’ म्हणतात, अनुक्रमे १५१३.१, १३१२.४ आणि १५१२.२ अशा आहेत, आणि चित्रीकरणाचा क्रमही या आकड्यांप्रमाणेच होता. प्रसारणाच्या क्रमाने पाहणाऱ्याला म्हणून पहिल्या भागात डॉक्टर मकॉय दिसतो, तिसऱ्या भागात यानाचा डॉक्टर पायपर नावाचा दुसराच माणूस असतो, आणि नंतर मकॉय पुन्हा हजर होतो. केवळ प्रसारणाच्या तारखेवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला मकॉयची बदली होऊन तो परत आला असे वाटेल.

स्टारडेट हाच मुख्य क्रम मानावा, तर मूळ मालिकेत त्या आकड्यांना ठरलेला हिशेबच नव्हता. ‘द नेक्स्ट जनरेशन’ने शिस्त आणली: पाच अंकी आकडा, पहिल्या हंगामात तो ४१ने सुरू होणार, दुसऱ्यात ४२ने, म्हणजे हंगामाला साधारण एक हजार. परंतु आपल्या दिनदर्शिकेतले वर्ष कोणते, हे १९८८ पर्यंत अधांतरीच होते. मूळ मालिकेतल्या एका भागात पृथ्वीपासून ९०० प्रकाशवर्षे दूर असलेला परग्रहवासी नेपोलियनच्या काळाच्या आसपासची पृथ्वी पाहत असतो, त्यावरून हिशेब केला तर कथा २८व्या शतकात जाते. ‘स्पेस सीड’ या भागात मात्र १९९०च्या दशकातून आलेल्या माणसाला कर्क ‘दोन शतके’ झाल्याचे सांगतो. मग १९८८ मध्ये, ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या हंगामाच्या शेवटच्या भागात, डेटा हा यंत्रमानव चालू वर्ष २३६४ असल्याचे एका वाक्यात सांगून टाकतो. सगळ्या चाहत्यांचे कालपट तेव्हापासून या वाक्याला बांधले गेले आहेत. गंमत अशी की त्याच डेटाने त्याच हंगामाच्या पहिल्या भागात आपण ‘७८च्या तुकडीत’ पदवी घेतल्याचे सांगितलेले आहे, आणि कोणत्या शतकातले ७८ घेतले म्हणजे हे जुळेल यावर चाहत्यांनी आपली बुद्धी भरपूर खर्च केली आहे.

यातून दिसते ते असे की, प्रोग्रॅमने वर्ष हा एक आकडा म्हणून साठवणे पुरेसे नसते. ‘२३६४’ हे पात्राने थेट सांगितलेले वर्ष आहे. मूळ मालिकेतल्या बहुतेक घटनांची वर्षे मात्र अभ्यासकांनी प्रसारणाच्या वर्षात ३०० मिळवून काढलेली आहेत. १९९३ मध्ये मालिकेच्याच कलाविभागातल्या मायकेल आणि डेनिस ओकुडा यांनी जो छापील कालपट तयार केला त्यात हेच गृहीत धरले होते. थेट सांगितलेले वर्ष आणि काढलेले वर्ष वेगवेगळ्या खुणेने साठवले, आणि काढलेल्या वर्षासोबत ते कशावरून काढले याचा दुवा ठेवला, तर पाया बदलल्यावर त्यावर उभे असलेले सगळे आकडे पुन्हा मोजता येतात. ते वेगळे ठेवले नाहीत, तर दहा वर्षांनी कोणालाही आठवत नाही की कोणता आकडा ऐकलेला होता आणि कोणता अंदाजाचा.

याच्या पुढची पायरी म्हणजे कथेनेच इतिहास बदलणे. ‘स्पेस सीड’ या १९६७च्या भागाने ‘युजेनिक्स युद्धे’, म्हणजे मानववंश सुधारण्याच्या प्रयोगांतून उद्भवलेली युद्धे, १९९०च्या दशकात घातली होती. तो काळ खऱ्या जगात उलटून गेला आणि तसे काही झाले नाही. २०२३ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेने कालप्रवाशांच्या हस्तक्षेपामुळे ही घटना पुढे ढकलली गेली असे स्पष्टीकरण दिले. २००९च्या चित्रपटाने तर २२३३ या वर्षापासून फुटणारी स्वतंत्र काळरेषाच सुरू केली, जिच्यात कर्क, स्पॉक आणि बाकी सगळे नव्याने जगतात. तेव्हा प्रत्येक विधानाला ‘कोणत्या काळरेषेत’ हा आणखी एक रकाना जोडावा लागतो. २००९च्या आधी बांधलेल्या ज्या प्रोग्रॅममध्ये एक पात्र म्हणजे एकच चरित्र असे धरलेले होते, त्यांना हा बदल महागात पडणार हे उघड आहे.

एकके, विसंगती आणि नावे

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. मालिकेत यानांचा प्रकाशाहून जास्त वेग ‘वॉर्प’ने मोजतात; ‘वॉर्प ९’ म्हणजे वेग किती, याला दोन उत्तरे आहेत. मूळ मालिकेच्या पार्श्वभूमीच्या साहित्यात वॉर्पच्या आकड्याचा घन केला की प्रकाशाच्या किती पट वेग ते मिळते, म्हणजे ९ला ७२९ पट. ‘द नेक्स्ट जनरेशन’साठी मोजपट्टी बदलली आणि १० म्हणजे अनंत वेग ठरला, त्या मोजपट्टीत वॉर्प ९ सुमारे १५१६ पट होतो. जुन्या मालिकेत एका भागात यान १४.१पर्यंत जाते, जे नव्या मोजपट्टीत अशक्य आहे. प्रोग्रॅमने केवळ आकडा साठवला आणि मोजपट्टी साठवली नाही, तर ‘सर्वांत वेगवान यान कोणते’ या साध्या प्रश्नाचे उत्तर बिनदिक्कत चुकते. खऱ्या विज्ञानातही एककाशिवाय लिहिलेल्या आकड्याला किंमत नसते. काल्पनिक विज्ञानाला वेगळा नियम लावण्याचे कारण नाही.

सगळ्याच विसंगती सोडवायच्या नसतात. १९६०च्या दशकातल्या क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांची कपाळे सपाट होती आणि १९७९च्या चित्रपटापासून ती उंचवट्यांची झाली, याचे खरे कारण रंगभूषेचा वाढलेला खर्च एवढेच होते. १९९६च्या एका भागात वॉर्फ हा क्लिंगॉन ‘बाहेरच्यांशी आम्ही याबद्दल बोलत नाही’ असे सांगून प्रश्न उडवून लावतो, आणि २००५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ मालिकेने दोन भाग खर्चून विषाणूचे कारण दिले. २००५च्या आधीच ज्या कोशकारांनी स्वतःच्या मनाने एखादे स्पष्टीकरण लिहून ठेवले असेल त्यांना ते काढावे लागले; ज्यांनी दोन्ही प्रकारची कपाळे कोणत्या भागांत दिसली एवढेच नोंदवले त्यांना फक्त एक ओळ वाढवावी लागली. माझ्या मते कोशकाराने दुसऱ्या गटात राहावे, जरी पहिल्या गटात राहण्यात मजा जास्त असली तरी.

नावे शोधण्याची सोय हा स्वतंत्र विषय आहे. वापरणाऱ्याने परग्रहावरचे नाव ऐकलेले असते, लिहिलेले पाहिलेले नसते, म्हणून उच्चारावरून जवळचे शब्द काढणारी शोधपद्धत प्रोग्रॅममध्ये लागते आणि प्रत्येक नावाला पर्यायी लेखनांची यादी जोडावी लागते. क्लिंगॉन लिपी दाखवायची असेल तर अडचण वाढते. तिचा प्रस्ताव २००१ मध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेने, नाकारला, त्यामुळे ती अक्षरे खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या क्रमांकांवर बसवली जातात आणि योग्य फॉण्ट नसेल तर पडद्यावर रिकामे चौकोन उमटतात. युनिकोडपूर्व काळात एका फॉण्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या फॉण्टमध्ये उघडला की जो निरर्थक अक्षरांचा सडा पडत असे, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पडदा कोणाचा

प्रोग्रॅमचे रूप मालिकेतल्या संगणकासारखे असावे, ही चाहत्यांची जुनी हौस आहे. ‘द नेक्स्ट जनरेशन’मधले काळ्या पार्श्वभूमीवरचे, गोलसर कोपऱ्यांच्या केशरी-जांभळ्या पट्ट्यांचे पडदे मायकेल ओकुडा यांनी रचले. त्यांतले बहुतेक पडदे म्हणजे प्रत्यक्षात पारदर्शक फिल्मवर छापलेली आणि मागून दिवा लावलेली चित्रे होती, कारण ते स्वस्तात होत असे. त्यांतल्या बटणांवरचे आकडे काहीच सांगत नाहीत, आणि सांगण्याची गरजही नव्हती. खऱ्या प्रोग्रॅमला मात्र वाचता येईल असा मजकूर, लांबलचक याद्या आणि अरुंद पडदे हे सगळे सांभाळावे लागते, आणि हे रूप जसेच्या तसे उचलले तर पडद्याचा मोठा भाग नुसत्या पट्ट्यांनी भरून जातो. अनुभवी चाहते म्हणून ते रूप चौकटीपुरते ठेवतात.

याच पडद्यांनी कोशकारांपुढे एक नवा प्रश्न टाकला. २०१२ पासून ‘द नेक्स्ट जनरेशन’ उच्च दर्जाच्या चित्रात पुन्हा प्रकाशित झाली, आणि जुन्या दूरचित्रवाणी संचावर ज्या बारीक अक्षरांचा केवळ भास होत असे ती वाचता येऊ लागली. त्यांत कलाविभागाने आपापसांत केलेले विनोद होते. यानाच्या भिंतीवरच्या उभ्या छेदचित्रात तर एक बदक आणि एक उंदीरही आहे. पडद्यावर दिसते ते कॅनन, असा नियम असेल तर हे बदकही कॅनन. इथे ‘कोणत्या प्रकारे आले’ हा रकाना उपयोगी पडतो: मुद्दाम दाखवलेले आणि केवळ चित्र थांबवून वाचता येणारे असे दोन प्रकार केले, की बदकाची नोंद राहते आणि यानाच्या प्रवाशांच्या अधिकृत यादीत मात्र ते जात नाही.

लेखनाचा कोनही पडद्याशीच संबंधित आहे. ‘मेमरी अल्फा’ने कथेतल्या गोष्टींबद्दल भूतकाळात, जणू दूरच्या भविष्यातला इतिहासकार लिहीत आहे अशा थाटात लिहायचे आणि अभिनेते, दिग्दर्शक, चित्रीकरण यांबद्दलची माहिती वेगळ्या टिपांत ठेवायची असा नियम केला आहे. प्रोग्रॅममध्ये हे दोन स्तर वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवता येतात आणि वापरणाऱ्याला हवा तो दाखवता येतो. थडग्यावरचा ‘आर’ कथेच्या स्तरावर न सुटलेले कोडे आहे. निर्मितीच्या स्तरावर, मालिकेचे तपशील अजून पक्के व्हायचे होते तेव्हा रंगवलेला तो एक दगड आहे.

कायदा आणि प्रोग्रॅमचे आयुष्य

खऱ्या जगातल्या वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, म्हणून काल्पनिक जगातल्या ‘वस्तुस्थिती’वरही नसावा, असे अनेक चाहते गृहीत धरतात. अमेरिकी न्यायालयांनी तसे मानलेले नाही. ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेवर प्रश्नमंजूषेचे पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाविरुद्ध १९९८ मध्ये निकाल गेला, आणि त्यात न्यायालयाने असे धरले की मालिकेतले तपशील म्हणजे शोधून काढलेली तथ्ये नसून लेखकांच्या कल्पनेची निर्मिती आहेत. त्यानंतर नऊ वर्षांनी, २००७ मध्ये, हॅरी पॉटरच्या कथाविश्वावर एका चाहत्याने केलेला कोश छापून विकायला निघाला, तेव्हा लेखिका आणि वॉर्नर ब्रदर्स न्यायालयात गेले. हा कोश इंटरनेटवर मोफत होता तोवर कोणाची हरकत नव्हती. उलट लेखिकेने त्याचे कौतुकच केले होते. सप्टेंबर २००८च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटले की कल्पित साहित्यावर संदर्भग्रंथ होऊच नये असा हक्क लेखकाला नाही, पण या कोशाने मूळ शब्दरचना गरजेपेक्षा जास्त उचलली आहे. भरपाई ६,७५० डॉलर इतकीच ठरली, आणि दुरुस्त केलेली आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्धही झाली.

संदर्भ-प्रोग्रॅम बांधणाऱ्यासाठी यातून निघणारे व्यवहारी नियम थोडके आहेत: संवाद आणि वर्णने उतरवून घेऊ नयेत, स्वतःच्या शब्दांत लिहावे, छायाचित्रे व संगीत टाळावे, आणि पैसे मागू नयेत. विधान आणि स्रोत अशी मघाची रचना इथेही कामी येते, कारण तिच्यात मूळ मजकूर साठवण्याऐवजी तो कुठे सापडेल याचा पत्ता साठवलेला असतो. दुसऱ्या कोशातला मजकूर घ्यायचा असेल तर त्याचा परवाना पाहावा लागतो; ‘मेमरी अल्फा’चा मजकूर श्रेय देऊन वापरता येतो, पण व्यापारी कामासाठी नाही, आणि ही अट तो मजकूर घेणाऱ्या प्रोग्रॅमलाही लागू होते.

बहुतेक चाहत्यांचे प्रोग्रॅम कायद्यामुळे नव्हे, तर म्हातारपणामुळे बंद पडतात. ॲपलने हायपरकार्डची विक्री २००४ मध्ये थांबवली. मायक्रोसॉफ्टने जुन्या मदत-फायली वाचण्याची सोय २००७च्या विंडोज व्हिस्टामधून वगळली. त्या साच्यांत कोंडलेली माहिती प्रोग्रॅमसोबतच गेली, अपवाद फक्त कोणीतरी ती बाहेर काढली असेल तेवढा. इंटरनेट अर्काइव्हने २०१७ पासून जुने हायपरकार्ड स्टॅक गोळा करून ते ब्राउझरमध्येच चालतील अशी सोय केली आहे, पण तिथेही स्टॅक पाहता येतो, त्यातली माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये सहज नेता येत नाही. म्हणून आज असे काम हाती घेणारे माहिती एका बाजूला आणि ती दाखवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला ठेवतात: माहिती एसक्युलाइटसारख्या कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या साधनात किंवा साध्या मजकुराच्या फायलींत, आणि केशरी-जांभळ्या पट्ट्या त्यावर चढवलेल्या. मूळ कर्त्याला पुढे वेळ मिळेनासा झाला, तर दुसरा कोणी त्या फायली उचलून त्यांवर आपल्या पसंतीचा पडदा बसवू शकतो, आणि नव्या मालिकेचा पुढचा भाग प्रदर्शित झाला की तिथून पुढे ओळी वाढवू शकतो.